बैठक आधी, टॅब्लेट नंतर : सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी साधनं निवडताना (इंदूरच्या मराठी पालकांसाठी)

मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल आणि तोल अवघड होण्याची स्थिती, आहे असं निदान झालं की घरात दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात आणि त्याच सुमारास नातेवाइकांचे सल्लेही. पुण्याची आत्या एखाद्या खुर्चीचा फोटो पाठवते, मुंबईचा मामा ‘बोलणाऱ्या टॅब’ची चौकशी करतो. सगळं मायेपोटी. पण मुलाला नीट बसताच येत नसेल, तर तो टॅब त्याच्या काय कामाचा? मान एका बाजूला कलंडलेली, हात तोल सावरण्यात गुंतलेले, अशा अवस्थेत त्यानं पडद्यावर बोट तरी कसं ठेवायचं?

मी इंदूरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून लहान मुलांबरोबर काम करते. माझं ठाम मत आहे की साधनांचा क्रम चुकला, तर पैसा जातो आणि त्याहून मोलाचं म्हणजे मुलाच्या वाढीची वर्षं जातात. आधी मूल आधारानं स्थिर बसलं पाहिजे. मग त्याला ‘हो’ आणि ‘नको’ सांगता आलं पाहिजे. बटणाची आणि पडद्याची साधनं त्यानंतर. कागदपत्रांचं काम मात्र पहिल्या दिवसापासून सोबत चालू ठेवायचं, कारण त्याला वेळ लागतो.

खरेदीआधी मुलाचा दिवस लिहून काढा

एक वही घ्या आणि सलग तीन-चार दिवस मूल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतं, कुठे आणि कसं असतं ते लिहा. दूध कोणाच्या मांडीवर पितं? संडासला कसं बसवता? दुपारी आई कामावर असताना आजी त्याला कुठे ठेवते? दिवसातले किती तास ते पाठीवर आडवं असतं? प्रत्येक कामापुढे लिहा की ते कोण करतं आणि त्यात मूल स्वतः काय करतं, भले ते नुसतं तोंड उघडणं का असेना.

वही भरली की त्यातली तीनच कामं निवडा, जी सोपी झाली तर घराचा दिवस बदलेल. साधन त्या कामांसाठी शोधायचं. ‘याच्यासाठी काय काय मिळतं?’ असं दुकानात विचारलं की दुकानदार दाखवेल ते आपल्याला हवंसं वाटू लागतं. ‘जेवताना याची मान मागे जाते, त्यासाठी काय करता येईल?’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं.

घराची मोजमापंही याच वहीत हवीत. जुन्या वाड्यातला उंच उंबरठा, मल्टीतल्या लिफ्टचं दार, न्हाणीघराच्या दाराची रुंदी. लिफ्ट नसेल तर खुर्ची तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, तेही लिहा. खुर्चीचं वजन हा प्रश्न फार कमी पालक विचारतात आणि मग खुर्ची खालीच जिन्याखाली राहते.

डोळे आणि कान तपासून घ्या

सेरेब्रल पाल्सीबरोबर नजरेच्या आणि ऐकण्याच्या अडचणी पुष्कळ मुलांमध्ये असतात. ‘हा लक्षच देत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्याला कदाचित नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल. लहान बाळ सांगू शकत नाही, म्हणून ऐकण्यासाठी बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते पाहणारी) ही तपासणी झोपेत केली जाते. नवजात बाळांसाठी जगभर मानला जाणारा हिशेब असा : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत गरज असल्यास श्रवणयंत्र. ही वेळ निघून गेली असेल तरी तपासणी आजच करावी.

काही मुलांचे डोळे चांगले असतात, पण मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लावायला वेळ लागतो. अशा मुलापुढे चित्रांची गर्दी नको. काळ्या कापडावर एकच पिवळी किंवा लाल वस्तू ठेवून पाहा आणि त्याची नजर तिथे पोहोचायला पुरेसा वेळ द्या.

शासकीय बाजूनं सुरुवात करायची तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, म्हणजे 2013 पासून, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीतून किंवा शाळेतून तिथे पाठवणी होते. आपण थेट एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवलं तरी या केंद्राबद्दल आवर्जून विचारा. खासगी थेरपिस्टकडे जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्यासाठी ही नोंदणी कायद्यानं आवश्यक आहे.

बैठक

बसवायची सुरुवात कंबरेपासून करायची, मानेपासून नाही. मान पडते म्हणून गळ्याला पट्टा लावणं ही सर्रास दिसणारी गोष्ट, पण बहुतेक वेळा मान पडते ती कंबर पुढे घसरलेली असते म्हणून. मुलाचं बूड खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकवा. कंबरेचा पट्टा पोटावरून आडवा न घेता, मांड्या जिथे दुमडतात तिथून तिरपा खाली न्या, साधारण 45 अंशांत. खुबे, गुडघे आणि घोटे हे तिन्ही जवळपास काटकोनात असावेत. पाय हवेत लोंबकळता कामा नयेत. पायाखाली लाकडी पाट चालतो, जाड पुस्तकांचा घट्ट बांधलेला गठ्ठाही चालतो. नुसत्या पायांना आधार मिळाल्यावर हात मोकळे झालेली मुलं मी पाहिली आहेत.

मापं घेताना मुलाला कडक जागेवर बसवा. बसायच्या फळीची खोली किती हवी? बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, त्यातून दोन बोटं कमी. फळी त्याहून लांब असली की मूल पुढे घसरतं आणि पाठ वाकते. रुंदी म्हणजे बसलेल्या मुलाच्या कुल्ल्यांची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी, दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कपडे घेतो तशी खुर्ची घेऊ नये. मोठ्या खुर्चीत मूल एका कुशीवर कलतं आणि तीच सवय पाठीच्या कण्याला लागते. वाढीची सोय हवी असेल तर फळी मागेपुढे सरकवता येणारी, पाय ठेवायची पट्टी खालीवर होणारी खुर्ची पाहा. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीला हवा.

आजी म्हणतात, ‘मांडीवर कसं छान बसतो माझ्या!’ खरंच आहे, मांडीवर त्याला ऊब आणि आधार दोन्ही मिळतात. मांडी सोडवायची नाहीच. पण मांडीवर त्याला फक्त समोरची भिंत दिसते, हात वापरायला जागा नसते आणि आजींची कंबरही दुखते. दिवसातले काही वेळ खुर्चीत, काही मांडीवर, काही पोटावर पालथं, असं बदलत राहायचं. चांगल्यातली चांगली खुर्चीसुद्धा तासन्‌तास बसण्यासाठी नसते.

बाजारात ‘सीपी चेअर’ म्हणून मिळते ती याच कामाची. ती हाती येईपर्यंत थांबायचं कारण नाही. पुठ्ठ्याची खुर्ची घरी करता येते, आणि ती मजबूत असते. सियागंजातल्या ठोक दुकानांतून किंवा जेल रोडवरून मोठी खोकी आणा. पुठ्ठे सपाट करून मैद्याच्या खळीनं एकावर एक चिकटवा. प्रत्येक थरात पुठ्ठ्याच्या आतल्या रेषांची दिशा आडवी-उभी बदलत न्या, त्यानं ताकद येते. वर वजन ठेवून थर पूर्ण वाळू द्या, मगच कापा आणि जोडा. सांध्यांवर कागदाच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर द्या. पुस्तक बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. आपण अजिबात घालायचं नाही, कारण मुलं कडा चावतात आणि ते विष आहे. उन्हाळ्यात केलेली खुर्ची उत्तम वाळते. पावसाळ्यात करायची वेळ आली तर पंख्याखाली दुप्पट दिवस ठेवा. शेवटी रंग किंवा वॉर्निश द्या. मुलाला बसवण्याआधी मोठ्या माणसानं तिच्यावर बसून पाहावं. या खुर्चीचा मोठा फायदा असा की माप चुकलं तर पुन्हा कापता येतं, आणि पुढे विकतची खुर्ची घेताना नेमकं काय हवं ते आपल्याला कळलेलं असतं.

जेवण हा बैठकीचाच भाग

मागे मान टाकून, आडवं धरून भरवणं धोक्याचं आहे. अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली आणि भरवणारा मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उभं राहून वरून घास दिला की मूल वर बघतं आणि मान मागे जाते.

इथे एक गोष्ट आपल्या गावापुरती सांगते. सकाळचे पोहे आणि त्यावरची शेव, हे चघळण्या-गिळण्याची अडचण असलेल्या मुलासाठी कठीण अन्न आहे. कोरडं, सुटं आणि तोंडात पसरणारं. त्याला घरच्यांबरोबर पोहेच हवे असतील तर शेव-दाणे वगळून, दूध किंवा ताक घालून, चमच्यानं चुरून एकजीव करा. मऊ वरण-भात, घट्ट खीर, शिजवलेला भोपळा सोपा जातो. खाताना खोकला येणं, खाल्ल्यावर आवाज ओलसर घरघरता होणं, वारंवार छातीत कफ होणं ही लक्षणं दिसली तर गिळण्याची तपासणी करून घ्या. त्यात दिरंगाई नको.

स्प्लिंट आणि उभं राहणं

पायाचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा स्प्लिंट, घालताना टाच तळाला पूर्ण टेकली आहे की नाही हे आधी पाहायचं, पट्टे नंतर आवळायचे. आत सुती मोजा, एकही सुरकुती नसलेला. पहिल्या आठवड्यात थोडा थोडा वेळ घालून रोज वाढवत न्या. काढल्यावर कातडी पाहा. अर्ध्या तासातही लाली गेली नाही तर तो स्प्लिंट तिथे रुततो आहे. लगेच बनवणाऱ्याकडे न्या आणि तोवर घालू नका. ‘सवय होईल’ असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

ज्या मुलांना आधाराशिवाय चालता येत नाही, त्यांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकू शकतो आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. म्हणून हाडांच्या डॉक्टरांना ‘खुब्याचा एक्स-रे कधी आणि किती दिवसांनी?’ हा प्रश्न आपण होऊन विचारा. उभं राहण्याचा स्टँड चांगला, पण तो कोणता आणि किती वेळ, हे खुब्यांची आणि पायांची स्थिती पाहून ठरतं. ऑनलाइन मागवायची ती वस्तू नव्हे.

बोलता न येणं म्हणजे सांगण्यासारखं काही नसणं नव्हे

या भागावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण इथेच सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात. ‘चित्रं दिली तर तो बोलायचा आळस करेल’ ही भीती घराघरांत आहे. संशोधनातून वारंवार दिसलंय की चित्रफलक किंवा यंत्राच्या साहाय्यानं संवाद केल्यानं बोलणं खुंटत नाही, काही मुलांमध्ये उलट थोडं वाढतंच. आधी बोलणं येऊ दे म्हणून थांबू नका.

पहिलं काम, होकार आणि नकार पक्का करणं. मूल आत्ताही काहीतरी करतच असेल. ‘हो’ला वर बघत असेल, ‘नको’ला तोंड फिरवत असेल. त्यातली एकेक खूण घरानं ठरवून घ्यायची आणि सगळ्यांनी तीच मानायची. मग निवडी द्या : दोन वस्तू समोर धरा, वाटी की चेंडू? आणि थांबा. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. या मुलांच्या अंगाला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारून त्याची सगळी जुळवाजुळव मोडतो.

वस्तूंवरून फोटोंवर, फोटोंवरून चित्रफलकावर या. फलकावर नुसती पोळी, दूध, केळं अशी नावं भरू नका. हवं, नको, आणखी, पुरे, थांब, दे, जा, मदत, दुखतंय, मी, तू, काय, कुठे, आवडलं, ‘वेगळंच काहीतरी’, या शब्दांनी मूल दिवसभर बोलू शकतं. ‘दुखतंय’ आणि ‘पुरे’ तर हवेतच. स्वतःच्या अंगाबद्दल नाही म्हणता येणं ही मुलाच्या सुरक्षिततेची बाब आहे.

फलक मुलाच्या पुढ्यात ठेवून ‘दाखव बघू, दूध कुठंय?’ अशी परीक्षा घेऊ नका. तुम्हीच त्यावर बोट ठेवत बोला. ‘आणखी’वर बोट, ‘आणखी वरण?’ मग ‘पुरे’वर बोट, ‘पुरे झालं तुला.’ कित्येक आठवडे तो फक्त बघेल. बघू दे. बोलणारं बाळही वर्षभर ऐकून मग पहिला शब्द काढतं.

बोट पोहोचत नसेल तर नजर वापरा. पारदर्शक ॲक्रिलिकच्या पत्र्याच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा आणि तो दोघांच्या मध्ये उभा धरा. पलीकडून त्याचे डोळे कुठे जातात ते तुम्हाला दिसतं. साइनबोर्ड बनवणाऱ्याकडे असा तुकडा स्वस्तात मिळतो. कडा घासून घ्यायला सांगा.

आता भाषेचं. रामबागेतलं किंवा लोकमान्य नगरातलं घर असो, आत मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. ‘याला दोन भाषा झेपणार नाहीत, घरी हिंदीच बोला’ असा सल्ला इथे अनेकांना मिळतो. तो मानू नका. दोन भाषांमुळे अपंगत्व असलेल्या मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही, आणि आजीची भाषा तोडल्यानं मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात. फलकावर चित्र एकच ठेवा, त्याची जागा कधी बदलू नका, वर मराठी शब्द लिहा, खाली हिंदी. लिपी एकच असल्यानं आपलं काम सोपं आहे. घरचे वरचा शब्द वाचतील, शाळेतल्या मॅडम खालचा.

आता फोन आणि टॅब

फलक रुळला की ॲप. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि त्यात मराठी आणि हिंदी दोन्ही आहेत. आधी घरातल्या जुन्या फोनवर ते वापरून पाहा, त्यासाठी नवा टॅब लगेच नको. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय असते. ती चालू केली की मूल चुकून बाहेर पडत नाही. तोच फोन कार्टून बघायला देऊ नका. बोलण्याचं साधन बोलण्यापुरतंच असलं की ते नेहमी हाताशी आणि चार्ज केलेलं राहतं.

बोट नेमकं पडत नसेल तर अँड्रॉइडच्या ‘स्विच ॲक्सेस’नं एका मोठ्या बटणावर फोन चालवता येतो. त्या बटणाची ओळख खेळण्यापासून करून द्या : बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला स्विच जोडा. दाबलं की बाहुली नाचते, सोडलं की थांबते. बटण कुठे लावायचं ते मुलाच्या शरीरावरून ठरतं. हाताऐवजी डोक्याच्या बाजूला, गुडघ्यापाशी, जिथली हालचाल त्याच्या ताब्यात आहे तिथे.

कागदपत्रं आणि पैसे

मध्य प्रदेशात सगळ्याची सुरुवात समग्र आयडी या राज्य शासनाच्या ओळख क्रमांकापासून होते. कुटुंबाचा आठ अंकी आणि मुलाचा स्वतःचा नऊ अंकी क्रमांक. नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळतात ना, हे आधी पाहा. अडकतं ते इथेच. मग स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी, अर्ज करा. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं, मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाची आठवण वहीत लिहा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाची नोंद असली की 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातले बहुतेक लाभ लागू होतात.

साधनांसाठी केंद्राची एडीआयपी योजना आहे. पालकांचं मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण आणि 30,000 पर्यंत असेल तर अर्धी मदत. एकच साधन पुन्हा तीन वर्षांनी मिळतं, पण 12 वर्षांखालच्या मुलांसाठी हे अंतर एक वर्षाचंच आहे. ही सवलत पुष्कळांना माहीत नसते आणि मूल लहान पडलेल्या खुर्चीत आखडून बसतं. साधनं मुख्यतः एलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी बनवते. तिचा मुख्य कारखाना कानपूरला आणि एक केंद्र आपल्या शेजारी उज्जैनला आहे. शिबिरात साधन मिळालं तर तिथेच मुलाला बसवून पाहा, माप चुकीचं असेल तर तिथेच सांगा. अर्ज रखडला तर कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनवाईत लेखी द्या आणि पोच घ्या.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही खर्च येतो. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

मोठ्या तपासणीसाठी अनेक कुटुंबं अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला जातात. जरूर जा, पण अपंगांच्या पुनर्वसनासाठीचं भोपाळचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आणि सिहोरची राष्ट्रीय मानसिक स्वास्थ्य पुनर्वास संस्था जवळ आहेत, तिकडेही चौकशी करा. कुठेही गेलात तरी मापं, व्यायाम आणि पुढची तारीख लेखी घेऊन या, म्हणजे इथल्या थेरपिस्टला पुढचं काम हातात घेता येईल.

शाळा

6 ते 18 वयाच्या, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाबद्दलचा एक कागद शिक्षकांना द्या : तो ‘हो’ कसं म्हणतो, किती वेळ थांबायचं, कसं बसवायचं, पाणी कसं द्यायचं. फलकाची दुसरी प्रत वर्गातच ठेवा. शाळेची खुर्ची घरच्या खुर्चीच्याच मापाची हवी. सीबीएसईत लेखनिक आणि दर तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज नववीतच शाळेशी बोलून तयार ठेवावा.

दर सहा महिन्यांनी

मूल वाढतं, साधन वाढत नाही. वाढदिवस आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, अशा दोन तारखा ठरवून खुर्चीची खोली, पायपट्टीची उंची, स्प्लिंटची लांबी आणि फलकावरचे शब्द तपासा. बोटं स्प्लिंटच्या पुढे यायला लागली की नव्याची वेळ झाली. पट्ट्यांचं वेल्क्रो केस-धाग्यांनी भरतं, जुन्या टूथब्रशनं साफ करा. तरी धरत नसेल तर चपला दुरुस्त करणारा नवं शिवून देतो. चाकांचे नट दर महिन्याला आवळा. फलकाची प्रत लॅमिनेट करताना दोन जास्तीच्या काढा, एक आजीच्या खोलीत आणि एक गाडीत ठेवायला.